थिएटरातले नियम: कायद्याचे कुठले आणि मालकाच्या पाटीवरचे कुठले?

खिडकीपाशी (धागाकर्ता)

जाणकारांनी प्रकाश टाकावा. येत्या रविवारी ठाण्यात मल्टिप्लेक्सला घरचे सहा जण जाणार: आईवडील, सव्वा वर्षाचं बाळ, चौदा वर्षांचा मुलगा, मधुमेह असलेल्या आजी आणि गुडघे दुखणारे आजोबा. चित्रपटाला प्रमाणपत्र यूए १६+, लांबी १५० मिनिटं. ऑनलाइन तिकिटाखालच्या अटी वाचल्या आणि सिनेमा नको पण नियम आवर अशी गत झाली.

मला एवढंच हवंय की यातला कुठला नियम खरोखर कायदा आहे, कुठला नुसता थिएटरमालकाचा आहे, आणि दाराशी अडवलं तर नेमकं काय म्हणायचं. बाळाचं खाणं, आजींची साखर, पाणी, मुलाचं वय, राष्ट्रगीताला उभं राहणं, जाहिरातींचा वेळ आणि ऑनलाइन तिकिटावर वेगळा लागणारा तो 'सुविधा' आकार, सगळ्यावर लिहिलंत तरी चालेल. "आमच्या वेळी खिशातून शेंगदाणे न्यायचो" छापाचे प्रतिसाद कृपया वेगळ्या धाग्यावर.

पाववड्या

बाहेरचं खाणं बिनधास्त न्या. महाराष्ट्र सरकारने २०१८ सालीच परवानगी दिली आहे, १ ऑगस्टपासून. अडवलं तर ती बातमी मोबाइलवर दाखवायची.

कलमकसाई

पाववड्या, ती बातमी दाखवू नका, फजिती होईल. जुलै २०१८ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्यांनी तशी घोषणा केली होती हे खरं. पण लगेच पुढच्याच महिन्यात गृहखात्याने मुंबई उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं की यात सरकारने हस्तक्षेप करण्याची गरज दिसत नाही, शिवाय सुरक्षेचा प्रश्न आहे. घोषणा हवेत विरली. लोकांच्या डोक्यात मात्र ती अजून चालू आहे, आणि दाराशी होणारी निम्मी भांडणं तिच्यामुळेच होतात.

आज लागू आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा ३ जानेवारी २०२३ चा निकाल. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्या थिएटरांना बाहेरचं अन्न अडवायला मनाई केली होती, तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तर्क साधा आहे. थिएटर ही खासगी मालमत्ता, प्रेक्षकाला आत काय नेता येईल हे मालक ठरवू शकतो. कुणी जिलेबी आणून हात खुर्चीला पुसले तर सफाईचा खर्च कोणी द्यायचा, असा मुद्दा सुनावणीत निघाला होता. म्हणजे डबा अडवणं बेकायदा नाही. चिडून उपयोग नाही.

पण त्याच निकालात दोन गोष्टी प्रेक्षकाच्या बाजूने नोंदलेल्या आहेत, आणि त्या पाठ करून ठेवा:

१. थिएटरने पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायचं.
२. तान्हं बाळ बरोबर असेल तर पालकांना त्याच्यापुरतं, वाजवी प्रमाणात खाणं नेता येईल.

'वाजवी' म्हणजे काय हे कुणी ग्रॅममध्ये मोजून दिलेलं नाही. तीन तासांच्या खेळाला दुधाची एक बाटली, एका वेळच्या पावडरीची डबी, छोट्या थर्मासमध्ये कोमट पाणी आणि वाटीभर मऊ भात किंवा खिमट, एवढ्यावर कोणी वाद घालत नाही. त्याच पिशवीत मोठ्यांचे चिवडा-लाडू निघाले की वाद होतो आणि मग बाळाचा डबाही अडकतो. बाळाची पिशवी वेगळी ठेवा, तीत दुसरं काहीही नको.

आजींचं प्रकरण जरा नाजूक आहे. निकालात नोंदलेली सवलत बाळांपुरती आहे, मधुमेही त्यात येत नाहीत. त्यामुळे 'खाणं' म्हणून भांडू नका, 'औषध' म्हणून न्या. साखर अचानक उतरली तर लागतं साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरीचे तीन चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, गरज असेल तर पुन्हा तेवढंच. ही पावडर, ग्लुकोमीटर, इन्सुलिनचं पेन आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पारदर्शक थैलीत. वापरात असलेलं पेन तीन तास साध्या तापमानाला राहिलं तर बिघडत नाही, बर्फाचा डबा नेलात तर उगाच तपासणी वाढेल. बिस्किटाचा छोटा पुडा त्याच थैलीत असेल तर बहुतेक ठिकाणी सोडतात, पण तो व्यवस्थापकाचा समजूतदारपणा झाला, तुमचा हक्क नव्हे.

पाण्याचं म्हणाल तर यंत्र असतं, पण बहुधा स्वच्छतागृहाच्या बोळात, दिसणार नाही असं. पेला नसेल तर खाद्यपदार्थांच्या काउंटरवर मागायचा. "पाणी विकतच घ्यावं लागेल" हे उत्तर मात्र ऐकून घेऊ नका, तिथे निकाल तुमच्या बाजूने आहे.

खिडकीपाशी

धन्यवाद, हे फारच उपयोगी. पण दारावरचा सुरक्षारक्षक ऐकेल का हे सगळं?

कलमकसाई

नाही ऐकणार, आणि त्याने ऐकावं अशी अपेक्षाही ठेवू नये. त्याला 'डबा दिसला की अडव' एवढंच सांगितलेलं असतं आणि तो एजन्सीचा माणूस, थिएटरचा नव्हे. रांगेतून बाजूला व्हायचं आणि 'ड्यूटी मॅनेजरना बोलवा' म्हणायचं, पुढे जो काही संवाद तो त्याच्याशी. रविवारी संध्याकाळी त्याला यायला दहा मिनिटं लागू शकतात, म्हणून बाळ असेल तर अर्धा तास आधी पोचा.

आता मुलाचं वय, कारण इथे उलटा घोळ आहे. चित्रपट 'ए' असेल तर अठराच्या खालच्याला आत सोडणं हा सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ खाली थिएटरचाच गुन्हा. आईवडील शेजारी बसले, लेखी हमी दिली, काहीही केलं तरी फरक पडत नाही. कायदा 'सज्ञान नसलेली व्यक्ती' म्हणतो, म्हणून झोपलेलं बाळही चालत नाही. तिथे ओळखपत्र मागणाऱ्यावर रागावू नका. यूए मात्र वेगळं. २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे केले, पण ते पालकांसाठी शिफारस म्हणून. मूल पाहील की नाही हे पालकाने ठरवायचं. चौदा वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर यूए १६+ ला आला आणि वयावरून परत पाठवला, तर त्यांनी 'यूए' आणि 'ए' यांची गल्लत केलेली आहे. व्यवस्थापकाला विचारायचं: "प्रमाणपत्र ए आहे का?" बस, एवढा एकच प्रश्न.

बाळाचं तिकीट: तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पूर्ण तिकीट हा बहुतेक थिएटर-साखळ्यांचा व्यापारी नियम आहे. सव्वा वर्षाच्या बाळाला तिकीट नको, पण खुर्चीही मिळणार नाही.

राष्ट्रगीत: ३० नोव्हेंबर २०१६ च्या आदेशाने ते वाजवणं सक्तीचं झालं होतं, ९ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती काढली. वाजवायचं की नाही हे आता थिएटर ठरवतं, आणि महाराष्ट्रात ते आधीपासूनच वाजवतात. वाजलं तर उभं राहायचं, अपंगांना सूट आहे. आजोबांना गुडघ्यांमुळे उठता येत नसेल तर बसू द्या. १९७१ चा कायदा राष्ट्रगीत म्हणण्यात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला शिक्षा सांगतो, गुडघे धरलेल्या माणसाला नाही. शेजारचा कुरकुरला तर "गुडघे" एवढंच सांगायचं. आणि तेवढ्या वेळात दारं बाहेरून कडी लावून बंद करायची नाहीत, हेही न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्येच स्पष्ट केलं होतं.

रीळवाला

प्रोजेक्शन केबिनच्या बाजूने थोडं. (रीळ आता नावापुरतं.)

जाहिराती किती चालणार हे आयत्या वेळी ठरत नाही. सर्व्हरवर खेळाची यादी आधीच लावलेली असते: स्लाइड, जाहिराती, ट्रेलर, राष्ट्रगीत, सिनेमा, मध्यंतर, पुन्हा जाहिराती, उत्तरार्ध. दिवे मंद होणंसुद्धा त्याच यादीत बांधलेलं असतं. म्हणजे चित्रपट नक्की कधी सुरू होणार हे थिएटरला मिनिटापर्यंत माहीत असतं, ते तिकिटावर छापत नाहीत इतकंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या ग्राहक आयोगाने एका मोठ्या साखळीला याच मुद्द्यावर दंड केला होता आणि खरी वेळ तिकिटावर द्या म्हटलं होतं. मार्चमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तेव्हा सध्या हिशेब आपला आपणच करायचा.

तो असा. त्याच पडद्याचा पुढचा खेळ कधी आहे ते ॲपवर बघा. समजा तुमचा खेळ ६:३० चा आणि त्याच पडद्यावर पुढचा ९:५०. मधे २०० मिनिटं. त्यातून चित्रपटाची १५० वजा केली की ५० उरली. मध्यंतराची १५ आणि सफाईची १५ काढली की राहिली २०, तेवढ्यात सुरुवातीच्या जाहिराती आणि ट्रेलर. हा आकडा कमाल धरायचा, कारण कधी कधी दोन खेळांत मुद्दाम रिकामी जागा ठेवलेली असते. त्यामुळे वीस मिनिटं 'मिळाली' म्हणून ६:५० ला पोचू नका. ६:४० ला खुर्चीत बसलात तर बहुधा काही चुकणार नाही. पडदा क्रमांक नीट बघा, एकच चित्रपट तीन पडद्यांवर असेल तर दुसऱ्याच पडद्याची वेळ धरली जाते आणि गणित फसतं.

तंबाखूच्या सूचनांना लोक उगाच शिव्या घालतात. २ ऑक्टोबर २०१२ पासूनच्या नियमाप्रमाणे, ज्या चित्रपटात तंबाखू दिसते त्याला सुरुवातीला आणि मधे किमान ३० सेकंदांची आरोग्यचित्रफीत आणि किमान २० सेकंदांचं निवेदन. म्हणजे दोन्ही वेळा मिळून शंभर सेकंद. सक्तीचं आहे ते हे. तुमची वीस मिनिटं खातात त्या सोन्याच्या दुकानांच्या, बांधकाम प्रकल्पांच्या आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती, आणि त्यांची सक्ती कुणीही केलेली नाही.

बाळासाठी आणखी एक. आवाजाची प्रमाण पातळी डॉल्बीच्या यंत्रावर ७ आकड्याला बांधलेली असते, पण बरीच थिएटरं ५ च्या आसपास चालवतात. खाली करणं म्हणजे एक बटण फिरवणं, पाच सेकंदांचं काम. आवाज असह्य असेल तर डोअरकीपरकडे "आवाज थोडा कमी करायला सांगा" म्हणायचं, त्यासाठी तक्रार अर्ज लागत नाही. खुर्च्या निवडताना शेवटची रांग आणि भिंतीलगतच्या जागा टाळा, भिंतीवरचे स्पीकर थेट कानाशी येतात. मधल्या बोळाच्या कडेच्या दोन खुर्च्या घ्या: एक बाळाच्या आईला, रडलं की पटकन बाहेर पडता येतं, दुसरी आजोबांना, पाय लांब करता येतात. आतल्या पायऱ्या कमीजास्त उंचीच्या असतात, म्हणून आजोबांची रांग आत येण्याच्या दारापासून दोन-तीन पायऱ्यांवर असू द्या. दार वर आहे की खाली हे ॲपच्या नकाशावर बहुधा कळत नाही, खिडकीवर विचारा.

बोळात पिशव्या किंवा बाबागाडी ठेवू देत नाहीत त्यावर मात्र हुज्जत नको. दिल्लीच्या उपहार थिएटरात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली, आणि तिथे जाण्यायेण्याचा एक बोळ जादा खुर्च्या घालून बुजवलेला होता. हा नियम कितीही जाचक वाटला तरी पाळायचाच.

काटकसरे

पैशाचं राहिलंच की.

तिकिटावर जीएसटी: १०० रुपयांपर्यंत ५ टक्के (२२ सप्टेंबर २०२५ पासून, आधी १२ होता), त्याहून महाग तिकिटावर १८ टक्के. म्हणजे ३०० रुपयांच्या तिकिटात मूळ किंमत २५४ रुपये २४ पैसे आणि कर ४५ रुपये ७६ पैसे. सकाळचा पहिला खेळ शंभरात बसत असेल तर दुहेरी फायदा.

सुविधा आकार हा तिकिटाचा भाग नाही, तो प्रत्येक तिकिटामागे वेगळा लागतो आणि त्यावर पुन्हा १८ टक्के. उदाहरण म्हणून ३० रुपये धरा: कर धरून ३५ रुपये ४० पैसे, पाच तिकिटांचे १७७ रुपये. सिनेमा न बघता एवढे गेले. महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ च्या आदेशांनी हा आकार घ्यायला बंदी केली होती, पण जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. तेव्हा "हे बेकायदा आहे" असं लिहिलेले जुने व्हॉट्सॲप फॉरवर्ड आता शिळे झालेत. टाळायचा असेल तर खिडकीवर जाऊन काढा. मोठा चित्रपट, पहिला रविवार असेल तर मात्र खिडकीवर पुढच्या तीन रांगाच उरतात आणि आजोबांची मान आखडते. मग १७७ रुपये द्या.

खाण्याच्या बिलावर कर ५ टक्केच हवा, हे जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं. फक्त तिकीट आणि पॉपकॉर्न एकाच किमतीत बांधून घेतलं तर त्यालाही तिकिटाचा दर लागू शकतो. म्हणून ॲपवरचं 'तिकीट अधिक कॉम्बो' घेण्याआधी दोन्ही वेगवेगळं धरून बेरीज करून बघा.

एमआरपीचा गोंधळ: एकाच वेष्टित वस्तूवर दोन वेगळ्या एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. म्हणून हल्ली थिएटरात बाजारात न मिळणारा ब्रँड किंवा वेगळ्या मापाची बाटली दिसते, की तुलनाच नको. पॉपकॉर्न आणि पेल्यातलं शीतपेय सुटं, त्याला एमआरपीच नाही. तिथे भाव मालकाचा, पटलं तर घ्या. छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतलं तर बाटलीच्या लेबलचा आणि बिलाचा फोटो काढून वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करा. 'आम्ही हॉटेलसारखी सेवा देतो' असा बचाव येईल, कारण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना तशी मुभा दिली आहे. त्यामुळे निकाल हमखास तुमच्या बाजूनेच लागेल असं धरू नका.

कलमकसाई

काटकसरेंना पूरक. तक्रारीची पहिली पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथून प्रकरण कंपनीकडे जातं आणि छोट्या रकमा पुष्कळदा तिथेच परत मिळतात. नाही मिळाल्या तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, मुदत घटनेपासून दोन वर्षं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. पुरावा म्हणून तिकीट, बिल, पाटीचा फोटो आणि व्यवस्थापकाला त्याच दिवशी केलेला ईमेल. फोटो बाहेरच्या लॉबीत काढा. पडदा चालू असताना आत मोबाइल वर धरू नका, चोरून चित्रीकरणाला सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड आहे. तुम्ही खुर्चीचा फोटो काढत होतात हे अंधारात कोण समजावत बसणार!

खिडकीपाशी

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. बाळाच्या सामानाची सॅक आत नेऊ देत नाहीत असं ऐकलंय, ती बाहेर जमा करायला सांगितली तर? आणि मुलाला पुढच्या महिन्यात थ्रीडी बघायचंय, घरात जुना चष्मा पडलाय, तो चालेल का?

कलमकसाई

सॅकऐवजी खांद्याला अडकवायची उघड्या तोंडाची कापडी पिशवी न्या. आतलं एका नजरेत दिसतं आणि तपासणी झटपट होते. जमा करायचीच वेळ आली तर लॅपटॉप, पैसे, औषधं आधी काढून घ्या आणि टोकन मागा. 'सामानाची जबाबदारी आमची नाही' अशी पाटी असतेच, पण ठेव म्हणून सामान ताब्यात घेतलं की करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे साधारण शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी त्यांना घ्यावी लागते. टोकन नसेल तर सामान दिलं होतं हेच सिद्ध होत नाही. हेल्मेट गाडीलाच लॉक करा.

रीळवाला

चष्मा त्याच तंत्राचा असेल तरच चालतो. रियलडी या थ्रीडी तंत्राचा वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा (दोन डोळ्यांना प्रकाश वेगवेगळा गाळून देणारा) चष्मा दुसऱ्या रियलडी पडद्यावर चालेल. डॉल्बी थ्रीडी रंगांच्या गाळणीवर चालतं, तिथे त्याचा उपयोग नाही. बॅटरीवाले शटरचे चष्मे आणखी निराळे. घरी ओळखायला सोपी युक्ती आहे: चष्मा घालून आरशासमोर उभे राहा आणि एक डोळा मिटा. मिटलेल्या डोळ्याची काच स्पष्ट आणि उघड्या डोळ्याची काळी दिसली, तर ध्रुवीकरण वर्तुळाकार. उलट दिसलं, म्हणजे उघडा डोळा स्वतःला दिसतोय आणि मिटलेल्याची काच काळी, तर रेषीय, तो रियलडीला चालणार नाही. बुकिंग करताना पडदा कुठल्या तंत्राचा आहे ते बघा, आणि 'चष्म्याचे पैसे वेगळे' असेल तर आपला चष्मा असल्याचं खिडकीवर आधीच सांगा. एकदा बिलात धरले की परत देताना फार वेळ लावतात.